रक्तातला वारसा आणि त्याचा कागद



आम्ही वैद्य नव्हे, कामगार संघटनेचे कार्यकर्ते आहोत. तरीही आज रक्ताच्या गुठळीवर बोलणार आहोत. कारण कामगाराच्या रक्तात जे सापडते, ते त्याच्या भाकरीपर्यंत पोचू शकते.

रक्ताने वाहते असावे आणि जखम होताच गोठावे, अशी निसर्गाची योजना आहे. गोठविणारी द्रव्ये आहेत, तशीच गोठण्याला लगाम घालणारीही आहेत. हा तोल बिघडला की पोटरीच्या खोल शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात अडकली तर जिवावर बेतते. काही घराण्यांत हा लगामच जन्मतः ढिला असतो. 1965 साली नॉर्वेत एगेबर्ग ह्यांनी अँटिथ्रॉम्बिन उणे असलेले कुटुंब दाखवून दिले. पुढे प्रोटीन सी व प्रोटीन एस ह्यांची उणीव कळली. 1994 साली हॉलंडमधील लायडेन येथे 'फॅक्टर पाच लायडेन' हा जनुकातील फेरफार सापडला. युरोपात तो पुष्कळ आढळतो, आपल्याकडे कमी. ह्या विकारांचा अभ्यास मुंबईत, परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारातील इम्युनोहिमॅटॉलॉजीच्या राष्ट्रीय संस्थेत झालेला आहे.

मग चाचणी सर्वांनीच करावी काय? नाही. तरुणपणी उघड कारणावाचून गुठळी झाली, ती पुन्हा झाली, किंवा भावाबहिणींत, आईबापांत असे घडले असेल, तर डॉक्टरांना विचारावे. गुठळी ताजी असता किंवा वॉर्फरिन चालू असता प्रोटीनांचे माप फसवे येते. जनुकाची तपासणी मात्र केव्हाही होते. लायडेनचा फेरफार एका पालकाकडून आलेल्या बहुतेकांना जन्मभर गुठळी होत नाही. उलट, चाचणी निर्दोष निघाली म्हणून धोका संपला असेही नाही. लेकीला संततिनियमनाची गोळी देताना किंवा तिच्या बाळंतपणात हे ज्ञान उपयोगी पडते. ज्या चाचणीने उपचारात काहीच बदलणार नाही, तिच्यावर गरिबाने पैसा का घालावा?

आता खरा प्रश्न: हा कागद कोणाचा? अमेरिकेतील बर्लिंग्टन नॉर्दर्न सांता फे रेल्वेने हातदुखीची भरपाई मागणाऱ्या कामगारांच्या रक्ताची जनुकीय तपासणी त्यांना न सांगता चालविली होती. दुखणे कामाचे नसून जन्माचे आहे, असे दाखवायचे होते! 2001 साली संघटना आणि सरकारी आयोग न्यायालयात गेले, तेव्हा ती थांबली. 2008 साली तेथे अशा भेदभावाविरुद्ध कायदा झाला. आपल्याकडे मार्च 2018 मध्ये विमा नियामकाने जनुकीय विकाराच्या सबबीवर आरोग्यविम्याचे दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना बजावले. नोकरीपुरता मात्र असा खास कायदा नाही.

समजा, दिघी बंदराचा माल वाहणारा चालक तासन् तास एका बैठकीवर बसला आणि त्याच्या पायात गुठळी झाली. मालक म्हणेल, "दोष तुझ्या रक्तात आहे." रक्तात असेलही, पण दीर्घ बैठकीनेही गुठळी धरते, आणि ती बैठक कोणी लादली? जन्माचा दोष दाखवून कामाचा दोष झाकता येणार नाही.

म्हणून चाचणी गरजेची असेल तर अवश्य करा, घरच्यांना सांगा, डॉक्टरांना दाखवा. मात्र विचारल्यावाचून कोणी रक्त घेऊ नये, आणि तो कागद हजेरीबुकाला जोडला जाऊ नये. एवढे आपण एकजुटीने सांभाळू या.