मदत करताना इजा वाढू नये
(शेतकरी मेळाव्यात दिलेले भाषण)



सकाळपासून आपण बियाणे, खते आणि पीक संरक्षणाची माहिती ऐकली. मी पिकांचा नव्हे, माणसांचा डॉक्टर आहे. म्हणून थोडे शेतात राबणाऱ्या माणसाविषयी बोलतो.

काही वर्षांपूर्वी चिंचा झोडपताना एक तरुण झाडावरून खाली पडला. तो शुद्धीवर होता, पाय हलवत होता. आजूबाजूची माणसे धावली. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय धरले आणि त्याला उचलून जीपमध्ये बसवले. आमच्याकडे आणले तेव्हा त्याचे पाय हलत नव्हते. उचलणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता. मायेपोटी केलेली मदत अंगाशी आली. म्हणून आज काय करावे याबरोबरच काय करू नये, हेही सांगणार आहे.

मणक्याची इजा : झाडावरून, विहिरीत किंवा ट्रॅक्टरवरून पडलेल्या माणसाच्या मणक्याला मार लागला असेल असेच धरून चालावे. मोडलेला मणका हलला तर आतील मज्जारज्जू दबतो आणि माणूस कायमचा अपंग होऊ शकतो. त्याला उठवू नये, बसवू नये, पाठीवर घेऊ नये. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. पाणी, आग किंवा वाहनाचा धोका नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत जागेवरच ठेवावे. हलवणे भागच असेल तर चार-पाच जणांनी मिळून डोके, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकदम कुशीवर वळवावे आणि खाली दाराची फळी सरकवावी. बाज वापरू नये. तिचा मधला भाग झोळीसारखा खाली जातो आणि पाठ वाकते.

मोडलेले हाड : सूज, असह्य वेदना, वाकडेपणा किंवा हातापायाला भार न सोसणे, ही हाड मोडल्याची लक्षणे आहेत. असा अवयव ओढून सरळ करू नये. आहे त्या स्थितीत आधार द्यावा. बांबूच्या कामट्या, छत्री किंवा जाड पुठ्ठा चालतो. आधार मोडलेल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही सांध्यांच्या पुढे जाईल इतका लांब असावा. त्याखाली मऊ कापड ठेवावे आणि उपरण्याच्या किंवा जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधावे. नेमक्या मोडलेल्या जागेवर गाठ मारू नये. हात मोडला असेल तर तो गळ्यात झोळी करून अडकवावा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्याआधीच काढावीत.

बांधल्यानंतर बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली, तर पट्टी ताबडतोब सैल करावी. घट्ट बांधलेल्या कामट्यांमुळे रक्तपुरवठा बंद पडून हात कापावा लागतो, ही ऐकीव गोष्ट नाही.

हाड बाहेर आले असेल तर ते आत ढकलू नये. हळद, चुना, माती, शेण काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकावे. रक्त वाहत असल्यास हाडावर न दाबता जखमेच्या कडेने दाब द्यावा. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते, म्हणून चहापाणी देऊ नये.

मुरगळणे व सांधा निखळणे : बांधावरून पाय घसरला, घोटा मुरगळला, की आपण तेल लावून चोळतो. पहिले दोन दिवस चोळू नये, शेकू नये. त्याने सूज वाढते. विश्रांती द्यावी. बर्फ कापडात गुंडाळून, तो नसेल तर थंड पाण्याची घडी, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. पाय उशीवर उंच ठेवावा. चार पावलेही टाकता येत नसतील तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. निखळलेला खांदा झटका देऊन बसवू नये. त्याने शिरा, रक्तवाहिन्या दुखावतात.

अचानक आजार : उन्हात काम करताना पायात गोळे आल्यास सावलीत बसून पाय हलका ताणावा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी घोटघोट द्यावे. मात्र अंग तापून माणूस बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात आहे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

फिट आल्यास कांदा, चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. जवळची विळा-कुऱ्हाड दूर करावी, झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर ती तातडीची बाब समजावी.

छातीत दाबल्यासारखे दुखून घाम सुटला, तर ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पीत बसू नये. तोंड वाकडे झाले, एक हात गळाला, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवावी. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. या दोन्ही आजारांत वेळ दवडणे म्हणजे जीव दवडणे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. फोन करताना गाव, शिवार आणि ओळखीची खूण सांगावी, आणि एक माणूस फाट्यावर उभा करावा. शेतातल्या वस्तीवर रात्री गाडी चुकते ती याच कारणाने.

मंडळी, आपण औजारांच्या पेटीत पाना-पक्कड ठेवतो. तिच्या शेजारी एक डबा ठेवा. त्यात स्वच्छ कापडाच्या पट्ट्या, कापूस, कात्री, चार कामट्या आणि क्षारसंजीवनीची पाकिटे असू द्या. आणि घरी गेल्यावर आज ऐकलेले घरच्यांना, सालगड्यांना सांगा. कारण आपण पडलो तर उचलायला तेच येणार आहेत.