परिसरातील सौंदर्य आणि छायाचित्रण



सौंदर्य पाहावयाचे म्हणजे अजिंठ्याला किंवा महाबळेश्वरला जावयाचे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. सहलीला निघताना कॅमेरा आठवणीने बरोबर घेतला जातो. परंतु ज्या गावात माणसाचे आयुष्य जाते, त्या गावातील तुळशीवृंदावन, दिव्याच्या काजळीने काळवंडलेला कोनाडा, पोळ्याला रंगविलेली बैलांची शिंगे किंवा खळ्यावरील धान्याची रास यांच्यापुढे सहसा कोणी थांबत नाही. नित्याची वस्तू डोळ्यांना दिसते, पण मनाला जाणवत नाही. ती नाहीशी झाली म्हणजे मग तिची आठवण होते.

छायाचित्रणकला महाराष्ट्राला नवी नाही. १८३९ साली या कलेचा शोध पॅरिस येथे जाहीर झाला आणि १८५४ साली, म्हणजे अवघ्या १५ वर्षांत, मुंबईत छायाचित्रणाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. त्या काळी या कामास अवजड पेटी व रसायने लागत. आज खेडोपाडी मोबाइल फोनमध्ये कॅमेरा आला आहे. साधन सुलभ झाले; प्रश्न उरला आहे तो दृष्टीचा.

ही दृष्टी काय करू शकते, याचे उदाहरण ज्योती भट्ट यांच्या कार्यात आढळते. भावनगर येथे १९३४ साली जन्मलेले भट्ट हे मूळचे चित्रकार. बडोद्यास नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्या गुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एका परिसंवादासाठी गुजरातमधील लोककलेची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम संपले, पण ध्यास सुटला नाही. मातीच्या भिंतींवरील चित्रे, अंगणातील रेखाटने आणि ती काढणाऱ्या स्त्रिया यांची छायाचित्रे ते पुढे अनेक वर्षे घेत राहिले. २०१९ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली.

महाराष्ट्रातील वारली चित्रांची कथा याच्या जवळची आहे. लग्नप्रसंगी गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी ‘चौक’ लिहितात. हे चित्र मुळात त्या भिंतीपुरते आणि त्या प्रसंगापुरते असते. भिंत पुन्हा सारवली की ते जाते. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही कला कागदावर व कापडावर येऊन जगभर पोचली. पण ज्या असंख्य भिंती स्त्रियांनी लिहिल्या, त्यांतील कितींची नोंद राहिली?

प्रश्न केवळ वारली चित्रांचा नाही. मातीची घरे जाऊन पक्की घरे येत आहेत, आणि ते योग्यच आहे. पावसाळ्यात न गळणारे छप्पर हा प्रत्येक कुटुंबाचा हक्क आहे. कोणाचे दैन्य चित्रात सुंदर दिसते म्हणून ते टिकवावे, असे कोणीही म्हणणार नाही. मात्र भिंत पाडण्यापूर्वी तिचे एक छायाचित्र घेणे कठीण नाही. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात. कर्मचारी त्यासाठी घरापर्यंत जातोच. एक छायाचित्र शासनाच्या नस्तीसाठी; त्याच फेरीत दुसरे गावासाठी का असू नये? त्यात चौकटीवरील नक्षी येईल, कोनाडा येईल, भिंतीवरील चित्र येईल.

यासाठी मोठे तंत्रज्ञान नको. सारवलेल्या अंगणावरील बोटांची वळणे पाहावयाची तर सकाळी लवकर किंवा सायंकाळी पाहावीत. तिरप्या प्रकाशात प्रत्येक वळणाची सावली पडते, भर दुपारी ती हरवते. रांगोळीचे छायाचित्र शक्यतो सरळ वरून घ्यावे, म्हणजे आकार बिघडत नाही. प्रथम संपूर्ण वस्तू, मग तिचा बारकावा, असा क्रम ठेवावा. घरधन्याची व घरधनिणीची परवानगी घेतल्यावाचून कॅमेरा उघडू नये. आणि छायाचित्रासोबत गाव, तारीख, वस्तूचे स्थानिक नाव व करणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. नावाविना चित्र काही वर्षांनी मुके होते.

शाळांनी हे काम विशेष आवडीने करण्यासारखे आहे. आपल्या गल्लीतील एक सुंदर वस्तू शोधून तिच्याविषयी पाच ओळी लिहिण्यास मुलांना सांगावे. कॅमेरा नसल्यास चित्र काढावे. आजीने काढलेली रांगोळी शाळेच्या फलकावर लागली, की मुलाला तिची किंमत कळते. आणि कदाचित आजीलाही कळते. ग्रामपंचायतीने अशी चित्रे एका नोंदवहीत लावून ठेवली, तर जन्ममृत्यूच्या नोंदींप्रमाणेच गावाच्या हातांचीही नोंद दप्तरी राहील.

विकासाच्या कामात जुने बरेच काही जाणार, हे निश्चित आहे. जाणाऱ्या वस्तूकडे जाण्यापूर्वी एकदा नीट पाहणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.