डालड्याचा डबा

सर, आणि माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

निवेदकांनी मला 'आयटीतली वाटचाल' सांगायला उभं केलंय. ती राहू द्या. इतकी वर्षं संगणकापुढे बसून काढली, त्यात ऐकण्यासारखं फारसं नाही. मी डालड्याच्या डब्याबद्दल बोलणार आहे.

आठवतोय ना? आठवी, दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास. सरांनी आधी फुलबाजी पेटवली. ती उघड्यावर जळते, म्हणून शांत. ठिणग्या लोखंडाच्या किसाच्या. मग सुतळी बॉम्ब नुसता हातात धरून दाखवला. दारूतला सोरा प्राणवायू पुरवतो, झालेला गरम वायू सुतळीच्या वेढ्यांत कोंडतो आणि वेढे फोडतो. आवाज होतो तो कोंडल्यामुळे.

आणि मग डबा. आत पेटती मेणबत्ती, चमचाभर पीठ, वर झाकण. सरांनी नळीतून फुंकर मारली आणि झाकण थेट पंख्याला! मागच्या बाकावरचे झोपलेलेही जागे झाले. (नावं घेत नाही, समोरच बसलेत.) पिठाच्या ढिगाला काडी लावली तर ते नुसतं करपतं. तेच हवेत उधळलं की कणाकणाभोवती प्राणवायू, आणि आग क्षणात सगळीकडे. १८७८ साली अमेरिकेत मिनियापोलिसला वॉशबर्न ही अख्खी पिठाची गिरणी अशीच उडाली, अठरा माणसं गेली. त्या दिवशी हे सांगताना सर हसत नव्हते.

पुढच्या वर्षी डबा आलाच नाही. कुणा पालकाने तक्रार केली, एवढंच आपल्याला कळलं होतं.

ते माझे बाबा होते.

लाडवांसाठी आणलेलं बेसन, स्वयंपाकघर, घरात कुणी नाही. मी फुंकर मारताना डब्यावर वाकले होते. भुवया आणि पुढचे केस गेले. डोळे मिटले गेले म्हणून वाचले. त्या भाऊबीजेच्या फोटोत माझ्या भुवया काजळाने काढलेल्या आहेत.

सर, "घरी करायचं नाही" हे तुम्ही त्या तासाला तीनदा बजावलं होतं. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "सरांनीच घरून करून यायला सांगितलंय."

बाबा आता नाहीत. त्यांना मी खरं कधीच सांगितलं नाही. तुम्हाला आज सांगतेय.