उपाशी बाप : शिंगाळा

कोंकणांतील कोळी ज्याला शिंगाळा म्हणतात, तो वस्तुतः एका जातीचा मासा नसून अनेक जातींचें एक मोठें कूळ आहे. अंगावर खवले नाहींत, तोंडाभोंवतीं मिशा, आणि पाठीवरच्या व दोहों बाजूंच्या परांत करवतीसारखे दातेरी कांटे. ह्या कांट्यांचा दंश इतका दाहक कीं, जाळ्यांतून मासा काढतांच कोळी प्रथम ते मोडून टाकतो. ह्या कुळांतील एक जात फ्रान्सिस हॅमिल्टन नांवाच्या, कंपनी सरकारच्या सेवेंत राहिलेल्या वैद्यानें १८२२ सालीं गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथांत वर्णिली. 'एरियस एरियस' हें तिचें आजचें शास्त्रीय नांव. ग्रंथ नदीचा खरा. परंतु हा मासा समुद्रांत राहतो, खाडींत राहतो आणि गोड्या पाण्यांतहि शिरतो.

श्रोत्यांना ह्यांत कदाचित् विशेष वाटणार नाहीं. पण समुद्राचें पाणी माशाच्या रक्ताहून खारट असल्यामुळें त्याच्या शरीरांतील पाणी बाहेर झिरपूं लागतें. तो समुद्राचेंच पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. गोड्या पाण्यांत सगळें उलट! तेथें पाणी आंत घुसतें, मीठ निसटूं पाहतें. मग मूत्रपिंडें पाणी उपसतात व तेच कल्ले मीठ शोषूं लागतात.

त्याचा संसार ह्याहूनहि नवलाचा. बांगड्याची मादी सहस्रावधि अंडीं पाण्यांत सोडून निघून जाते. शिंगाळ्याची मादी कांहीं डझनच घालते, पण एकेक अंडें गोटीएवढें. तीं नर तोंडांत घेतो, आणि पिलें स्वतंत्र पोहूं लागेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, सांभाळतो. तेवढे दिवस त्याला कडकडीत उपास घडतो. वात्सल्य म्हटलें कीं कवींना गाय आठवते. ह्या बापाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

लक्ष गेलें तें जाळ्यांचें. १९७० नंतरच्या दशकांत कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळीं आलीं. ह्याच कुळांतील दुसऱ्या जातींचे, अंडीं धरलेले नर त्यांत थव्यांनीं सांपडूं लागले, आणि त्यांच्या तोंडांतून अंडीं गळून वायां गेलीं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं इशारा दिला. तरी पुढें तेथील शिंगाळा फार घटला. सहस्रावधि अंडीं घालणारा मासा अशा हानींतून सावरूं शकतो. येथें एक नर धरला कीं एक सबंध वीण बुडते, आणि ती मुळांतच डझनांवारी मोजलेली असते.