शंख, चष्मा आणि एका मुलाचे नाव
(गणेशोत्सवात वाचन-कट्ट्यातर्फे झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पाच्या मांडवात इंग्रजी कादंबरीवर भाषण, अशी पाटी लागली तेव्हा एका आजोबांनी आम्हाला विचारले, "अहो, मराठीतले विषय संपले काय?" संपले नाहीत. पण विल्यम गोल्डिंगची १९५४ सालची 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' मराठीत आणली ती जी. ए. कुलकर्णींनी. धारवाडला इंग्रजी शिकवणारे जीए आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत रमलेले. तेव्हा पुस्तक अगदीच परके नाही. आमच्या कट्ट्याने ते या पावसाळ्यात वाचले.

गोष्ट थोडक्यात सांगतो. युद्ध पेटले आहे. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांना सुरक्षित जागी नेणारे विमान निर्जन बेटावर कोसळते. मोठे माणूस एकही उरत नाही. राल्फ आणि पिगी यांना एक शंख सापडतो. तो फुंकला की सभा, आणि ज्याच्या हाती शंख त्यानेच बोलायचे. पिगीच्या चष्म्याच्या भिंगाने विस्तव पेटवायचा, म्हणजे धूर पाहून एखादे जहाज येईल. पण गायनवृंदाचा प्रमुख जॅक शिकारीच्या नादी लागतो. बेटावर कसलेसे 'जनावर' आहे ही भीती पसरते, तोंडे रंगवली जातात. सायमन नावाच्या भल्या मुलाला नाचाच्या धुंदीत सगळे मिळून मारतात. पुढे पिगीवर धोंडा लोटला जातो आणि त्याच्या हातातल्या शंखाचाही चुरा होतो.

आम्ही जास्त वेळ थांबलो ते दोन जागांवर. सुरुवातीला रॉजर नावाचा मुलगा एका लहानग्याच्या दिशेने दगड मारतो, पण मुद्दाम नेम चुकवून. त्या पोराभोवती थोडी जागा सोडून दगड पडतात. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांपैकी कोणी तिथे नाही, तरी हात त्यांना भिऊन आहे. शेवटी धोंडा लोटतो तो हाच रॉजर. मधल्या दिवसांत ती सोडलेली जागा कधी संपली, हे त्याचे त्यालाही कळले नसावे.

दुसरी जागा सायमनच्या मरणानंतरची सकाळ. त्या नाचात राल्फ आणि पिगीही होते. आता पिगी म्हणतो, अपघात होता. मग ठरते की आपण लवकरच निघालो होतो, काही पाहिलेच नाही. कट्ट्यावर हे वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. हुसेनसागरकडे जाणाऱ्या मिरवणुकीत ढोल चढला की पाय आपले राहत नाहीत, हे आपल्याला ठाऊक आहे. आनंदाचे असते तोवर ठीक.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. तोंड रंगवलेला, भालाधारी तो रानटी, ही खूण गोल्डिंगने साहेबाच्या जुन्या पुस्तकांतूनच उचलली आहे. त्याच साहेबाने १८७१ च्या कायद्याने आपल्याकडच्या कितीतरी जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. गोल्डिंगला हे अगदीच कळत नव्हते असे नाही. शेवटी मुलांना सोडवायला येतो तो पांढऱ्या गणवेशातला नौदल अधिकारी, आणि तो स्वतः युद्धावरच निघालेला असतो! जीएंनी कॉनरॅड रिक्टरचे 'रानातील प्रकाश'ही मराठीत आणले. त्यात रेड इंडियनांनी वाढवलेल्या गोऱ्या मुलाला बळेच 'सुधारलेल्या' घरी परत आणतात, आणि त्याच घरातला चुलता निरपराध इंडियनांच्या कत्तलीत सामील असतो. रिक्टर दुसऱ्या बाजूचे क्रौर्यही लपवत नाही. दोन्ही पुस्तके पाठोपाठ वाचावीत असे आम्ही सुचवू.

आणि खरीखुरी मुले? १९६५ साली टोंगा बेटांवरची सहा शाळकरी मुले बोट घेऊन पळाली, वादळात सापडली आणि अटा या ओसाड बेटाला लागली. पंधरा महिने राहिली. विस्तव विझू दिला नाही, कामाच्या पाळ्या लावल्या, भांडणाऱ्यांना राग निवेपर्यंत लांब पाठवले. एकाचा पाय मोडला तर तो काठ्यांनी बांधून बरा केला. १९६६ साली पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाने त्यांना परत आणले, तर बोट चोरली म्हणून पोलिसांनी आत टाकले! वॉर्नरनेच मग बोटीचे पैसे भरून सोडवले. जुन्या पुस्तकांनी ज्यांना रानटी म्हटले असते, त्या बेटांवरची ही मुले.

आता घरचे. कादंबरीत पिगीचे खरे नाव शेवटपर्यंत कळत नाही. 'मला त्या नावाने हाक मारू नका' एवढेच तो विनवतो, पण नाव कोणी विचारत नाही. हे वाचत असताना आमच्यातल्या एका ताईंनी गेल्या वर्षीची आठवण काढली. बालनाट्याच्या बक्षीस समारंभात प्रशस्तिपत्रे लिहायला बसलो आणि एका मुलापाशी अडलो. पडदा ओढणे, सामान उचलणे ही कामे त्याने महिनाभर केली होती. सगळी मुले त्याला 'ढापण्या' म्हणत. मराठी अडखळत बोलतो म्हणून त्याला संवाद दिले नव्हते, ते आम्ही मोठ्यांनीच ठरवलेले. त्याचे नाव आमच्यापैकी एकालाही येत नव्हते. शेवटी वर्गणीच्या वहीतून वडिलांचे नाव शोधले आणि फोन केला. तोवर समारंभ आटोपला होता. प्रशस्तिपत्र दुसऱ्या दिवशी घरी पोचवले. त्याच्या आईने चहा दिला, बोलल्या काही नाहीत.

यंदा तो नाटकात आहे. चार वाक्ये आहेत, तालमीत दोनदा अडला. पत्रिकेवर नाव नीट छापले आहे. मुले अजून ढापण्याच म्हणतात, आणि परवा सामान उतरवताना आमच्यातल्याही एकाच्या तोंडून तेच निघाले.