सोयाबीनमधील तण आणि मजुरीचा प्रश्न



शनिवार पेठेतील ग्राहकाला सोयाबीन तेलाचा भाव ठाऊक असतो. त्या पिकात खुरपणी करणाऱ्या स्त्रीची मजुरी ठाऊक नसते. सोयाबीनचा नफा-तोटा मात्र पुष्कळ अंशी त्या खुरपणीपाशीच ठरू लागतो.

पेरणीनंतरचा पहिला दीड महिना या पिकाला निर्णायक. संततधारेत वाफसा आला नाही, तर कोळपे चालत नाही. केना, लव्हाळा, हराळी पिकाच्या वाट्याचे अन्न आणि पाणी बळकावतात. नेमक्या त्याच दिवसांत साऱ्या गावाला मजूर हवे असतात. मग शेतकरी तणनाशकाकडे वळतो. त्यात त्याचा दोष नाही. परंतु एकच औषध वर्षानुवर्षे फवारल्यास त्याला दाद न देणारे तण माजते, दुकानदाराची उधारी वाढते आणि मजूर स्त्रीचा ऐन पावसाळ्यातील रोजगार बुडतो.

शास्त्राने दुसरा मार्ग दाखविला आहे. पिकांची फेरपालट, तुरीचे आंतरपीक, ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळी, रुंद वरंबा-सरी, वेळेवर दोन कोळपण्या व एक खुरपणी यांनी तण आटोक्यात राहते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ‘एमएसीएस’ मालिकेतील सुधारित वाण दिले. पण तणाने वेढलेल्या शेतात उत्तम वाणही खुरटतो. आणि वरंबा-सरीचे पेरणीयंत्र व ट्रॅक्टर दोन एकरवाल्याने आणावा कोठून?

एवढे करूनही नफा हाती पडतोच असे नाही. २०२४-२५ साठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. बाजारात सोयाबीन त्याहून कमी दराने विकले गेले. ओलाव्याची १२ टक्क्यांची अट १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली ती नोव्हेंबरात, तोवर गरजूंचा माल व्यापाऱ्यांच्या गोदामात पोचला होता. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले. शहराला स्वस्त तेल हवे, हे न्याय्यच; त्याची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याने व शेतमजुराने का मोजावी?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात: गावोगावी सहकारी अवजार केंद्रे, हंगामाच्या आरंभीच हमीभावाने खरेदी, आणि अल्पभूधारकाच्या खुरपणीच्या मजुरीत शासनाचा वाटा. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे अशक्य नाही. शेतकरी आणि मजूर यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारी शेती दोघांनाही तारणार नाही.