फोनवरचा घाऊक बाजार : तो चालतो कसा, कमावतो कसा?



काजू बी सुकवून पोत्यात भरली, की पहिला प्रश्न उभा राहतो तो गिऱ्हाइकाचा. दारात येणारा व्यापारी, नाहीतर बाजारातला अडत्या, या दोन वाटा आपल्या ओळखीच्या. आता तिसरी वाट आली आहे, ती म्हणजे फोनवर भरणारा घाऊक बाजार. काजूगर, आमसुले, कोकम आगळ तयार करणारे आपले बांधव आणि बचत गटातल्या भगिनी विचारतात, "साहेब, तिथं नाव घालायचं का? ते वर्षाचे पैसे मागतात, द्यायचे का?" उत्तर देण्याआधी या बाजाराची रीत समजून घेऊ.

घाऊक बाजार म्हणजे धंदेवाल्याने धंदेवाल्याला माल विकणे. इथला गिऱ्हाईक पाव किलो काजू घेणारा नसतो. तो मिठाईवाला, बेकरीवाला किंवा निर्यातदार असतो. आपल्या देशात इंडियामार्ट हा असा बाजार १९९६ साली सुरू झाला. चीनमधला अलीबाबा १९९९ सालचा. दोघांचीही मूळ कल्पना साधी आहे. विकणाऱ्यांची नावे, माल आणि पत्ते एका ठिकाणी मांडायचे आणि घेणाऱ्याला तिथे आणायचे.

समजा, नागपूरच्या मिठाईवाल्याला १०० किलो काजूगर हवा आहे. तो आपली मागणी तिथे लिहितो. याला चौकशी म्हणतात. ही चौकशी त्या मालाच्या एकापेक्षा जास्त विक्रेत्यांकडे जाऊ शकते. मग ज्याने त्याने फोन करायचा, नमुना पाठवायचा, भाव ठरवायचा. माल पोचवणे आणि पैसे वसूल करणे हे बहुतेक वेळा तुमचे तुम्हालाच करावे लागते. बाजार फक्त गाठ घालून देतो.

आता हा बाजार कमावतो कसा ते पाहू. मुख्य रीती पाच आहेत.

१. वार्षिक वर्गणी. साधे नाव बहुधा फुकट लागते. पैसे भरणाऱ्याला जास्त चौकश्या मिळतात. इंडियामार्टचे मुख्य उत्पन्न विक्रेत्यांच्या अशा वर्गणीतूनच येते. घेणाऱ्याला काही द्यावे लागत नाही.
२. वरची जागा. पेठेत नाक्यावरच्या दुकानाला भाडे जास्त, तसेच यादीत वर दिसण्याचे वेगळे पैसे.
३. दलाली. काही बाजार सौदा पुरा झाल्यावर शेकडा काही रक्कम कापून घेतात.
४. स्वतः खरेदी. काही कंपन्या माल स्वतः घेऊन पुढे विकतात आणि मधला फरक ठेवतात.
५. जोडसेवा. वाहतूक, उधारी, पैशाची देवघेव करून देणे आणि त्याचा आकार घेणे.

यातला वर्गणी आणि दलाली हा फरक नीट ध्यानात घ्या. अडत्याला अडत मिळते ती माल विकला गेल्यावर. वर्गणीच्या बाजारात मात्र तुमचा एक किलो माल गेला नाही, तरी पैसे आधीच गेलेले असतात. म्हणजे जोखीम विक्रेत्याच्या डोक्यावर. यात फसवणूक आहे असे नव्हे, तो त्या धंद्याचा प्रकारच आहे. पण सही करण्यापूर्वी तो आपल्याला कळला पाहिजे.

हिशेब असा मांडावा. समजा, वर्गणी वर्षाला ३०,००० रुपये आहे आणि त्या वाटेने तुमचा ६०० किलो गर विकला गेला. म्हणजे किलोमागे ५० रुपये खर्च आला. नमुन्याचा आणि वाहतुकीचा खर्च वेगळाच. गावच्या व्यापाऱ्यापेक्षा त्याहून जास्त भाव मिळाला तरच फायदा. पण दहा जणांनी गट केला, एका नावाने ६,००० किलो गर विकला, तर तोच खर्च किलोमागे ५ रुपयांवर येतो. थोड्या मालाला ही वर्गणी जड, गटाला हलकी. म्हणून आधी फुकटच्या नावावर एक हंगाम काढून पाहा. किती फोन आले, त्यातले किती सौदे झाले, हे वहीत टिपून ठेवा.

चौकशी आली की भाव सांगण्यापूर्वी आपला माल आपल्याला माहीत हवा. घाऊक गिऱ्हाईक "चांगला काजू" मागत नाही, तो प्रत मागतो. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अखंड पांढरे गर. डब्ल्यू-२४० म्हणजे २२० ते २४०, अर्थात गर मोठा. गरात ओलावा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. तुकडा आणि अखंड गर वेगळा ठेवा. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जातींच्या बीत गर ३० टक्क्यांच्या आसपास असतो. तेव्हा बीचा भाव, सोलण्याची मजुरी आणि फुटीची घट धरूनच दर सांगावा. खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवानाही लागतो.

आता पैशाची काळजी. अनोळखी गिऱ्हाइकाला पहिला माल उधार देऊ नका. काही रक्कम आगाऊ घ्या, बाकी माल सुटण्यापूर्वी घ्या. "पैसे पाठवतो, पिन टाका" असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्या. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा. वर्गणी घेणारा प्रतिनिधी तोंडी जे कबूल करतो, ते लेखी मागा. किती चौकश्या मिळणार, त्या आणखी किती जणांना जाणार, मुदत संपल्यावर वर्गणी आपोआप कापली जाणार का, हे तीन प्रश्न जरूर विचारा.

सरकारचाही एक बाजार आहे. ई-नाम १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाला. तो बाजार समित्यांना जोडलेला आहे. तिथे माल तपासून बोली लागते आणि शेतकऱ्याला नोंदणीचे पैसे पडत नाहीत. आपला माल तुमच्या जवळच्या बाजार समितीतून त्यात घेतला जातो का, याची चौकशी करावी.

मंडळी, बाजार दारातला असो की फोनवरचा, मधल्या माणसाला त्याचा मोबदला द्यावाच लागतो. तो किती, कधी आणि कशासाठी, एवढे विचारून मगच खिशात हात घाला. आणि दारातल्या व्यापाऱ्याशी संबंध एकदम तोडू नका. दोन्हीकडचे भाव हातात असले, की सौदा करताना आपलाच शब्द वजनदार होतो.